गाठ सुटू नये म्हणून

जून सरता सरता शाळांतून स्काऊट आणि गाईडची पथके नव्याने भरू लागतात. आपल्या नातवाच्या गळ्यात स्कार्फ येतो, नात गणवेशावरचा बिल्ला आरशात न्याहाळते. प्रवेश झाला, की पुढे प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर गाठी, प्रथमोपचार, दिशाज्ञान, तंबू, चूल अशा विषयांची परीक्षा असते. मुले ती उत्साहाने देतात, उत्तीर्णही होतात. मग दिवाळीच्या सुट्टीत आपण कौतुकाने म्हणतो, "ती गाठ मला दाखव पाहू." मूल दोरी हाती घेते, दोनदा उलटसुलट फिरवते, थोडे ओशाळते आणि म्हणते, "आजोबा, तेव्हा येत होती."

"तेव्हा येत होती" या तीन शब्दांविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

आरोग्याच्या पाक्षिकात स्काऊटच्या गाठी कशासाठी, असे आपल्याला वाटेल. कारण आपल्या घरांच्या रचनेत आहे. मनवेलपाड्यातील माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांत मुलगा आणि सून सकाळीच लोकल गाठतात आणि दिवेलागणीनंतरच परततात. दुपारी शाळा सुटली, की घरात दोघेच उरतात: सत्तरीच्या आजी किंवा आजोबा आणि दहा-बारा वर्षांचे मूल. आजींचा पाय न्हाणीघरात घसरला, आजोबांची साखर एकाएकी उतरली, हातावर कढत चहा सांडला, तर पहिली पाच-दहा मिनिटे त्या मुलाच्या हाती असतात. त्याने शिबिरात शिकलेला प्रथमोपचार टिकला आहे की विरला आहे, हा प्रश्न थेट आपल्या प्रकृतीशी जोडलेला आहे. शिवाय तो टिकवून ठेवण्यासाठी लागणारा वेळ आणि धीर या दोन गोष्टी त्या घरात आपल्याकडेच असतात.

येत होती, ती गेली कुठे?

मूल आळशी आहे किंवा शिक्षकांनी नीट शिकवले नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. विसरणे हा मेंदूचा नित्याचा व्यवहार आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले, की नव्याने पाठ केलेल्या गोष्टींतील मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच निसटतो, पुढे निसटण्याचा वेग मंदावतो. हे शब्दांबाबत खरे आहे, तसेच हातांच्या कौशल्यांबाबतही. हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचे जे प्रशिक्षण डॉक्टर आणि परिचारिकांना दिले जाते, त्यातील सफाईसुद्धा सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांत लक्षणीय घसरते. ज्यांचे ते रोजचे काम, त्यांची ही गत. मग वर्षातून एका शिबिरात जाणाऱ्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी?

यावरचे उपाय अभ्यासकांनी तपासून पाहिले आहेत. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एकच उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. चार वेळा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. म्हणजे पुन्हा पुन्हा पाहण्यापेक्षा पुन्हा पुन्हा आठवणे अधिक टिकाऊ ठरले.

दुसरा प्रयोग आमच्या व्यवसायातला आहे. कॅनडातील टोरांटो येथे शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचे शिक्षण देण्यात आले. काहींना चारही पाठ एकाच दिवशी दिले, काहींना दर आठवड्याला एक याप्रमाणे चार आठवड्यांत. एकूण शिक्षण सारखेच. महिन्यानंतर परीक्षा घेतली, तेव्हा अंतराअंतराने शिकलेल्यांचे हात अधिक सफाईने चालले. एका दिवसाच्या शिबिरात दहा गाठी शिकून आलेल्या मुलाचे काय होते, याचे उत्तर यात आहे.

परवचा जुना, गुण तोच

आपल्यापैकी अनेकांना हे सारे ओळखीचे वाटेल. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला, की पाढे, पावकी, निमकी, वार, महिने, नक्षत्रे असा परवचा आपण म्हणत असू. हातात पुस्तक नसे, समोर आजी किंवा आजोबा असत, आणि अडखळले तरच पुढचा शब्द मिळे. रोज थोडे, पुस्तकाविना, कोणासमोर तरी आठवून म्हणायचे. म्हणूनच आज पंचाहत्तरीतही 'एकोणतीस सक्कं' विचारले तर आपली जीभ अडत नाही.

स्काऊट चळवळीच्या मुळाशीही हाच विचार आहे. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरवले, तेव्हा मुलांच्या छोट्या तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीला तिच्यातलाच एक नायक दिला. मोठ्याने धाकट्याला शिकवायचे. शिकवताना त्याचे स्वतःचेही पक्के होते. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या पुस्तकात 'किमचा खेळ' आहे: तबकात वीस-पंचवीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर पाहू द्यायच्या, वर कापड टाकायचे आणि आठवून सांगायला लावायचे. या खेळाचे नाव मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या 'किम' या कादंबरीतून आले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली. तुकडी आणि नायक ही पद्धत तिनेही जपली आहे. पथकाची बैठक आठवड्यातून एखादी. उरलेल्या सहा दिवसांचा परवचा घरात कोणीतरी ऐकायला हवा, इतकेच.

आपल्याला येत नसेल, तर उत्तमच

"डॉक्टर, आम्हाला त्या गाठी ठाऊक नाहीत, आम्ही काय शिकवणार?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपण शिकवायचे नाहीच. शिकून घ्यायचे आहे. वैद्यकीय शिक्षणात पेटन या शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाणारी चार पायऱ्यांची एक रीत आहे. आधी गुरू काहीही न बोलता कृती करून दाखवतो. मग तीच सावकाश, समजावत करतो. तिसऱ्या पायरीवर शिष्य तोंडाने सांगतो आणि गुरू त्याप्रमाणे हात चालवतो. चौथ्या पायरीवर शिष्य बोलत बोलत स्वतः करतो. पहिल्या दोन पायऱ्या शाळेत होतात. घरी तिसरीवर भर द्यावा. नातवाने सांगावे, आपण करावे. "आता उजवे टोक डाव्यावर घ्या" असे त्याला नेमक्या शब्दांत सांगता आले, तर त्याला ती गाठ खरोखर समजली आहे. सांगण्यात चूक झाली, तर आपल्या हातातली दोरीच ती दाखवून देईल. आपल्याला रागावण्याची वेळच येणार नाही.

येथे एक पथ्य आहे. मूल अडले, की लगेच सांगून टाकण्याचा मोह आवरावा. मनात वीसपर्यंत अंक मोजावेत. ही आठवण्याची धडपड म्हणजेच सराव. आपण मध्येच सांगितले, तर कष्ट आपल्या मेंदूला होतात आणि मुलाचा मेंदू विश्रांती घेतो. वीस मोजूनही आठवले नाही, तर हातपुस्तिकेत पाहावे, एकदा करावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. "एवढेही येत नाही?" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. "दुसरा वेढा अगदी बरोबर घेतलास" असे नेमके कौतुक मुलाच्या लक्षात राहते.

काय पक्के करावे?

अभ्यासक्रम मोठा आहे. सारे एकदम धरू नये. आपल्या परिसराला आणि आपल्या वयाला उपयोगी पडतील अशा पाच गोष्टी मी सुचवतो.

पहिली, रीफ नॉट आणि त्रिकोणी पट्टी. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. ही गाठ सपाट बसते, रुतत नाही आणि हवी तेव्हा सुटते, म्हणून पट्टीसाठी ती योग्य. आपल्या भाषेतील निरगाठ आणि सुरगाठ या शब्दांचा फरक मुलाला येथेच समजावून द्यावा. दोन्ही वेळा उजवेच टोक वर घेतले, तर गाठ तिरपी बसते आणि सरकते. इंग्रजीत या चुकीच्या गाठीला 'ग्रॅनी नॉट', म्हणजे आजीबाईंची गाठ म्हणतात. आमच्या आजीबाईंनी हे नाव खोटे ठरवावे! मात्र भार पेलणाऱ्या दोन दोऱ्या जोडायला रीफ नॉट वापरू नये, हेही मुलाला ठाऊक हवे.

दुसरी, बोलाइन. दोरीच्या टोकाला आवळत न जाणारा फास या गाठीने तयार होतो. चिंचोटीच्या धबधब्यावर आणि आसपासच्या खदाणींत पावसाळ्यात बुडून होणारे मृत्यू वसई-विरारकरांना नवे नाहीत. अशा वेळी मित्रामागोमाग पाण्यात उडी घेणाराही बुडतो. काठी पुढे करावी, दोरी फेकावी, तरंगणारा रिकामा कॅन टाकावा, मोठ्यांना हाका माराव्यात. स्वतः पाण्यात उतरू नये. हा क्रम मुलाच्या तोंडी बसला पाहिजे.

तिसरी, भाजणे आणि रक्तस्राव. भाजलेल्या भागावर नळाचे साधे पाणी २० मिनिटे सोडावे. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने थेट दाब द्यावा आणि सारखे उचलून पाहू नये. नाकातून रक्त आले, तर बसून मान किंचित पुढे झुकवावी आणि नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून १० मिनिटे चिमटीत धरावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वेळ अधिक लागू शकतो.

चौथी, आपल्या वयाच्या तीन तातडीच्या घटना. आजी-आजोबा पडले, तर हात धरून एकदम उठवू नये; आधी कुठे दुखते ते विचारावे. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले असावे असे समजून हलवू नये. मधुमेही व्यक्तीला घाम सुटला, हात थरथरले, बोलणे असंबद्ध झाले आणि ती शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. चेहरा वाकडा, एक हात लुळा, बोबडे बोल यांपैकी काहीही एकाएकी दिसले, तर तो पक्षाघात समजावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून लक्षण कधी सुरू झाले ती वेळ मुलाने लिहून ठेवावी. १०८ वर दूरध्वनी करून नाव, इमारत, मजला आणि जवळची खूण सांगण्याचा सरावही आठवणीने घ्यावा. स्वतःच्या घराचा पत्ता सलग सांगताना अडखळणारी बारा वर्षांची मुले मी पाहिली आहेत.

पाचवी, दिशा. जीवदानीचा डोंगर आपल्या गच्चीवरून कोणत्या दिशेला आहे? रेल्वेचे रूळ कुठून कुठे जातात? समुद्र कोणीकडे? रात्री ढग नसतील, तेव्हा उत्तरेला ध्रुव शोधावा. आपण सुमारे साडेएकोणीस अक्षांशावर राहतो, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. हात ताठ धरून एकावर एक ठेवलेल्या साधारण दोन मुठींइतका. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा दाखवण्याचे काम आपल्यापैकी ज्यांचे बालपण गावच्या अंगणात गेले, त्यांच्याइतके चांगले कोण करील?

पाक्षिकाबरोबर सराव

वेळापत्रक सोपे ठेवावे. नवी गोष्ट शिकून मूल घरी आले, की त्याच संध्याकाळी एकदा. नंतर दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने. त्यानंतर वर्षभर तीन महिन्यांतून एकदा पुरे. मध्ये विसर पडला, तर अंतर कमी करून पुन्हा वाढवत न्यावे. प्रत्येक वेळी पाच ते सात मिनिटे, त्याहून अधिक नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेला गाठीचे नाव लिहून ठेवावे आणि झाल्यावर मुलाला तेथे खूण करू द्यावी. हे पाक्षिक घरात आले, की तो सरावाचा दिवस, अशी गाठ बांधून टाकली तरी चालेल.

सरावात एकाच कौशल्याची दहा आवर्तने करण्यापेक्षा तीन-चार निरनिराळ्या गोष्टी मिसळाव्यात. आता पट्टी, मग दिशेचा प्रश्न, मग बोलाइन, पुन्हा पट्टी. मुलाला हे अवघड वाटेल. तेच हवे आहे.

परिस्थितीही बदलत राहावी. लहान मुलांवरील एका जुन्या प्रयोगात काहींनी तीन फुटांवरील खुणेवर छोटी पिशवी टाकण्याचा सराव केला, तर काहींनी दोन आणि चार फुटांवरील खुणांवर. परीक्षा तीन फुटांची होती, तरी अंतर बदलून सराव केलेली मुले सरस ठरली. म्हणून कधी सुती दोरी, कधी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, कधी भिजलेला सुंभ घ्यावा. पट्टी नसेल, तर ओढणी किंवा जुन्या लुगड्याचा तुकडा. वीज गेली, की अंधारातच गाठ मारायला सांगावी. जुलै २०१८ मधील पावसाने वसई-विरार पाण्यात बुडाले, लोकल बंद पडल्या, कित्येक घरांत वीज नव्हती. गरज अशाच वेळी येते, आणि तेव्हा दिव्याखाली टेबलावर केलेला सराव पुरा पडत नाही.

सर्वांत उत्तम सराव म्हणजे घरातले खरे काम. रद्दीचा गठ्ठा, गॅलरीतील वेलाचा मांडव, गणपतीच्या मखराच्या काठ्या, दिवाळीचा आकाशकंदील, मच्छरदाणीचे कोपरे: वर्षभर गाठींना तोटा नाही. कामे मुलाच्या हाती सोपवावीत. आकाशकंदील रात्रीतून खाली घसरला, तर सकाळी तो दुसरी गाठ शोधील आणि ती जन्मभर विसरणार नाही.

नियमाने झालेल्या सरावाचा परिणाम मी पाहिला आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबातील सातवीतील मुलगी आजीसोबत दर पंधरवड्याला अशी उजळणी करीत असे. आजींना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. एका दुपारी त्यांच्या नाकातून रक्त वाहू लागले आणि घरात तिसरे कोणी नव्हते. मुलीने आजींना पुढे झुकवून बसवले, नाक चिमटीत धरले, घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे काढली. रक्त थांबले नाही, म्हणून पुन्हा दहा मिनिटे धरले आणि शेजारच्या काकूंना हाक मारून आजींना दवाखान्यात आणले. रक्त सुरू झाल्याची वेळ तिने तळहातावर लिहिली होती. रक्तदाब तपासणे आणि गोळीच्या मात्रेसंबंधी चौकशी करणे, इतकेच माझ्याकडे उरले. "घाबरली नाहीस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "खूप रडत होते, पण हात चालत होते." पक्के झालेल्या कौशल्याची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

काही जुने पुसायलाही हवे

आपल्यापैकी जे स्वतः शाळेत स्काऊट किंवा गाईड होते, त्यांचे हात अजून चांगले स्मरतात. मात्र तेव्हाच्या काही रीती आज चुकीच्या ठरल्या आहेत आणि जुने स्मरण पक्के असल्याने त्या अधिक घातक ठरतात. सर्पदंशाचेच पाहा. दंशाच्या वर आवळपट्टी बांधणे, चीर देणे, तोंडाने विष ओढणे हे सारे पूर्वी शिकवले जाई. आज यांपैकी काहीही करू नये. घट्ट बांधल्याने अवयव कायमचा निकामी होऊ शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांवर प्रतिविष हाच उपाय आहे आणि ते रुग्णालयातच मिळते. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर करावा, अंगठी, घड्याळ, पैंजण काढावेत आणि थेट रुग्णालय गाठावे. साप पकडण्यात वेळ दवडू नये. तुंगारेश्वरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पाठ हवे.

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद किंवा बर्फ लावणे, नाकातून रक्त आल्यावर मान मागे टाकणे, फेफरे आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणे, त्याच्या दातांत चमचा घालणे, या रीतीही पुसून टाकाव्यात. येथे आपण मोठेपणा बाजूला ठेवून नातवाची हातपुस्तिका वाचावी. तो सांगतो ते नवे असेल आणि बरोबरही.

सराव करताना जपा

जिवंत माणसाच्या छातीवर दाब देण्याचा सराव कधीही करू नये. घट्ट उशी घ्यावी. मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबायचे, ती लय उशीवर चांगली बसते. पडल्याचा अभिनय जमिनीवर न करता पलंगावर करावा. त्वचा पातळ झाली असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रियेमुळे हाताला सूज असेल, तर पट्टी सैल बांधून घ्यावी. खांदा आखडला असेल, तर झोळीपट्टीचा सराव दुसऱ्यावर करू द्यावा. गळ्याभोवती दोरी, गंमत म्हणूनही, कोणीही घालू नये. चूल पेटवण्याचा सराव पथकातील शिक्षकांसमोरच व्हावा.

विस्मरण असलेल्या घरांसाठी

ज्या घरांत आजी किंवा आजोबांना विस्मरणाचा आजार आहे, तेथील काळजीवाहूंसाठी दोन शब्द. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी व्यक्ती पुष्कळदा गजरा मात्र सहज गुंफते, जाळ्याची गाठ मारते, वाती वळते. हातांची स्मृती निराळ्या वाटेने साठवलेली असते आणि ती अनेकदा उशिरापर्यंत टिकते. कोळीवाड्यातून आलेल्या आजोबांना दोरी द्या, कोकणातून आलेल्या आजींना विहिरीच्या घागरीला कसे बांधत ते विचारा. नातवाला स्काऊटच्या पुस्तकात नसलेली गाठ मिळेल आणि त्यांना आपण अजून कोणाला काही देऊ शकतो याचे समाधान. अंतर वाढवत आठवायला लावण्याची रीत अशा रुग्णांना एखादी गरजेची गोष्ट, जसे नातवाचे नाव किंवा चष्म्याची जागा, स्मरणात ठेवण्यासाठीही वापरली जाते. आधी अर्ध्या मिनिटाने विचारायचे, मग एका, दोन, चार मिनिटांनी. मात्र त्यांना वीस अंक मोजत अडकवून ठेवू नये. अडले, की उत्तर लगेच सांगावे. याने आजार बरा होतो असे मी म्हणणार नाही. दिवसातली काही मिनिटे सुखाची जातात आणि एखादी उपयोगी गोष्ट हाती राहते, हेही थोडे नाही.

खिशावरचा बिल्ला मुलाने एके दिवशी काय केले ते सांगतो. त्याला ते आजही येते की नाही, हे घरातच कळते. तेव्हा आज दिवेलागणीला टीव्ही लावण्याआधी हातभर दोरी शोधा, नातवाला किंवा नातीला जवळ बोलवा आणि म्हणा, "मला शिकव पाहू." पुढचे पाक्षिक हाती पडेल, त्या दिवशी तीच गाठ पुन्हा विचारा.